न वाजणारं अंडं

ईस्टरला आठ दिवस उरले. आपत्कालीन कॉल घेणाऱ्यांच्या टेबलावर ठेवायच्या गमतीच्या भेटींची ही टिपणं.

ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान कधीही येतो, पण वार रविवारच. कंट्रोल रूमला रविवार काय नि सोमवार काय. म्हणून भेटी मोजताना पाळ्यांचा तक्ता समोर हवा, सुट्टीवरचेही धरायचे. सामाईक टोपली ठेवली की सकाळपाळीतच फस्त होते. रात्रपाळीच्या वाट्याला उरतं ते टोपलीतलं कागदी गवत. तेही नकोच. त्याचे तुकडे कीबोर्डच्या फटीत बसतात आणि तो कीबोर्ड सगळ्या पाळ्यांचा. चमकी तर त्याहून वाईट.

खरी अडचण आवाजाची. चूं-चूं करणारा ससा दुकानात गोड वाटतो, पण हेडसेटचा माइक तोंडापाशीच असतो आणि कॉल रेकॉर्ड होतो. पलीकडे कुणाचा श्वास अडकलाय आणि इकडे ससा चिवचिवतोय! तेच रेकॉर्डिंग पुढे चौकशीत वाजलं तर हसायला कुणी नसतं. चॉकलेटचा चुरचुरणारा चांदीचा कागद, टक्कन उघडणारं प्लास्टिकचं अंडं, सगळं याच कारणानं बाद. चॉकलेट द्यायचंच तर विश्रांतीच्या खोलीत, सुकामेवा आहे की नाही हे चिठ्ठीवर लिहून.

टेबलासाठी सर्वात बरं म्हणजे फेल्टचं (नमद्यासारख्या जाड कापडाचं) दाबायचं अंडं. दोन्ही टोकांना निमुळत्या अशा चार पाकळ्या कापायच्या, प्रत्येकी ९ सेंमी उंच, मध्ये ५ सेंमी रुंद. कडेला अर्धा सेंमी सोडून उलट्या बाजूनं शिवायचं, ३ सेंमी तोंड ठेवून उलटायचं, कापूस भरायचा. तांदूळ भरू नयेत, दाबले की खसखसतात. कापूस ठासून भरावा. सैल राहिला तर चार दिवसांत गोळे होतात. शिवणीवरून लाल दोऱ्यानं वाकडातिकडा तडा काढायचा, त्यावर पांढऱ्या कापडाची आडवी पट्टी. गळ्यात चिठ्ठी: ‘रडणं नंतर, आधी पत्ता सांगा.’ पहिला प्रश्न सहसा ठिकाणाचाच असतो, कारण फोन मध्येच तुटला तरी गाडी निघायला हवी. हा विनोद कॉल घेणाऱ्यांच्या कामाचा आहे, फोन करणाऱ्याच्या दुःखाचा नाही. ही रेघ ओलांडू नये.

बुडाशी लहानसं सपाट लाकडी कडं द्यावं, नाहीतर अंडं घरंगळतं. खाली रेडिओचं पायानं दाबायचं पेडल असतं. त्यावर काही अडकून बसलं तर वाहिनी उघडीच राहते आणि बाकीच्यांना बोलताच येत नाही.

ईस्टरला लपवलेली अंडी शोधण्याचा खेळही कंट्रोल रूममध्ये नको, विश्रांतीच्या खोलीतच. सूचना मात्र फोनवर मिळतात तशा: ‘ते मोठं कपाट आहे ना, त्याच्या जरा अलीकडे, लवकर या!’ बारा अंड्यांत दोन रिकामी ठेवायची. आत फक्त चिठ्ठी: ‘खिशातून चुकून फोन लागला. ठेवतो.’