बेंबीतून काढलेले अपेंडिक्स

गणेश चतुर्थीच्या दुपारी आमच्या नऊ वर्षांच्या धाकटीने उकडीचे पाच मोदक, प्रत्येकावर साजूक तुपाची धार घेऊन, पैज लावल्यासारखे संपवले होते. त्यामुळे रात्री तिचे पोट दुखू लागले तेव्हा घरातल्या कोणालाही दुसरे कारण शोधावेसे वाटले नाही. सासूबाईंनी हिंग पाण्यात कालवून बेंबीभोवती लावला, ओवा चावायला दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी जवळच्या डॉक्टरांकडे नेले, तर त्यांनीही मोदकांचा आकडा ऐकून हसत हसत अजीर्णाचे औषध लिहून दिले. पोटावर हात ठेवून पाहिले असते तर कदाचित निदान तिथेच झाले असते, असे मला अजूनही वाटते. पण मोदकांचा आकडा मीच आधी सांगितला होता, हेही खरे.

दुखणे बेंबीपाशी आहे, हा आम्हांला मोदकांविरुद्धचा पुरावा वाटत होता. प्रत्यक्षात अपेंडिक्सचे दुखणे बहुधा तिथूनच सुरू होते. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणारी ही करंगळीएवढी नळी सुजू लागली की तिची वेदना मेंदूला नेमक्या जागी न कळता पोटाच्या मध्यावर जाणवते, आणि सूज पोटाच्या आतल्या आवरणाला भिडली की मगच दुखणे उजवीकडे खाली सरकते. आमच्याकडे ते दुपारी सरकले. तोवर बारीक ताप आला होता, दोन उलट्या झाल्या होत्या, आणि आदल्या दिवशीच्या त्या पैजेच्या बहाद्दराने समोर ठेवलेल्या मोदकाकडे पाहून तोंड फिरवले होते. खरे तर त्याच क्षणी मला शंका यायला हवी होती.

संध्याकाळी गर्दीमुळे नारायण पेठेत रिक्षा यायला तयार नव्हती, म्हणून तिच्या बाबाने तिला उचलून अलका चौकापर्यंत नेले. तिथून पुढे रुग्णालय येईपर्यंत प्रत्येक गतिरोधकावर ती पोट धरून कळवळत होती, आणि रिक्षावाले काका दर वेळी मागे वळून ‘सावकाश घेतो, बाळा’ म्हणत होते. बालशल्यचिकित्सकांनी तपासताना विचारलेला पहिलाच प्रश्न होता, ‘येताना गतिरोधकावर दुखले का?’ मला ती नुसती विचारपूस वाटली. घरी आल्यावर वाचले, तेव्हा कळले की ही खरोखरीची खूण आहे. २०१२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये याविषयीचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता आणि त्यात अपेंडिक्सचा दाह नक्की ठरलेल्या ३४ प्रौढ रुग्णांपैकी ३३ जणांना गतिरोधकावर दुखले होते. अर्थात, गतिरोधकावर दुखते म्हणजे अपेंडिक्सच, असे उलटे मात्र म्हणता येत नाही. पुण्यात गतिरोधकांची वाण नसल्यामुळे ही चाचणी इथे फुकटात होते, एवढे खरे.

सोनोग्राफीत दाबूनही न दबणारी जाड नळी दिसली आणि रात्रीच शस्त्रक्रिया करायचे ठरले. सासूबाईंनी फोनवर ‘दुर्बिणीतून आहे ना, मग काळजी नाही’ असे म्हटले, आणि तेवढ्याने माझाही जीव थोडा भांड्यात पडला. हे वाक्य मी डॉक्टरांपुढे बोलून दाखवले, तेव्हा त्यांनी केसपेपरच्या पाठीमागे पोटाचे चित्र काढून मला शांतपणे सांगितले की लहान होतात ती त्वचेवरची छिद्रे, आतले काम तेवढेच राहते. संपूर्ण भूल द्यावीच लागते, अपेंडिक्सची रक्तवाहिनी बंद करून ती कापावीच लागते, बुडाशी फास बसवावाच लागतो. फरक असतो तो जखमेच्या दुखण्यात, घरी लवकर जाण्यात, जखम चिघळण्याचा धोका कमी होण्यात, आणि निदानात चूक असेल तर त्याच कॅमेऱ्याने बाकीचे पोट पाहता येण्यात. मुलींच्या बाबतीत, जिथे अंडाशयाचे दुखणे अपेंडिक्ससारखेच भासू शकते, हा शेवटचा फायदा मला सर्वांत मोलाचा वाटला.

मुलांचे पोट म्हणजे मोठ्यांच्या पोटाची लहान आवृत्ती नव्हे, हेही त्या चित्रावरूनच समजले. पोटाची भिंत पातळ असते आणि तिच्यापासून पाठीलगतच्या मोठ्या रक्तवाहिन्या अगदी थोड्या अंतरावर असतात. म्हणून पुष्कळ शल्यचिकित्सक कॅमेरा व अवजारे आत घालण्यासाठीची पहिली नळी डोळ्यांदेखत बेंबीत छेद घेऊन बसवणे पसंत करतात. मग आत काम करायला जागा व्हावी म्हणून कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवतात, कारण हा वायू पेट घेत नाही आणि रक्तात सहज विरघळून श्वासावाटे बाहेर पडतो. मात्र मुलांमध्ये त्याचा दाब मोठ्यांपेक्षा कमी ठेवतात, नाहीतर श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांमधला पडदा, वर ढकलले जाऊन श्वासाला अडथळा होतो.

अपेंडिक्स काढल्याची पहिली ज्ञात नोंद १७३५ सालची, लंडनची आहे, आणि तो रुग्णही अकरा वर्षांचा मुलगाच होता. क्लॉडियस अम्यांड यांनी त्याच्या हर्नियात अडकलेले, टाचणीने भोक पडलेले अपेंडिक्स काढले होते, तेही भुलीचा शोध लागण्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधी. बाहेर बाकावर बसून मी हे मोबाइलवर वाचले आणि भूलतज्ज्ञांविषयी मनात एकाएकी फार आदर दाटून आला. दुर्बिणीतून अपेंडिक्स पहिल्यांदा काढले ते जर्मनीतील कुर्ट झेम यांनी, १९८० साली. ते मुळात स्त्रीरोगतज्ज्ञ होते आणि त्यांच्या या कामावर तेव्हा सहव्यावसायिकांनीच टीकेची झोड उठवली होती.

तासाभराने डॉक्टरांनी बाहेर येऊन एक छोटी बरणी दाखवली. तीत सुजून लालभडक झालेली, टोकाशी काळपट पडलेली नळी होती. फुटायच्या आत काढली, असे ते म्हणाले आणि बरणी तपासणीसाठी पॅथॉलॉजीकडे पाठवली. फुटली असती तर पोटात पू पसरला असता आणि तीन दिवसांचा मुक्काम आठवड्यावर गेला असता. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये ती निदानाआधीच फुटलेली सापडण्याचे प्रमाण बरेच जास्त असते, कारण त्या वयात कुठे आणि कसे दुखते हे मुलाला सांगताच येत नाही. आमची निदान बोट तरी ठेवू शकत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोटाबद्दल चकार शब्द न काढता ‘खांदा दुखतोय’ म्हणून रडू लागली, आणि आम्ही घाबरून परिचारिकेला बोलावले. पोटात राहिलेला वायू श्वासपटलाला डिवचतो आणि ते दुखणे खांद्यात जाणवते, दोन दिवसांत जाते, असे तिने समजावले. तसेच झाले. तिसऱ्या दिवशी घरी, मग मऊ भात, आणि काही आठवडे दप्तर उचलणे, सायकल व खेळाचा तास बंद.

विसर्जनाच्या दिवशी तिने वाटीत वाढलेला एकच मोदक खाल्ला, तोही सासूबाईंच्या देखरेखीखाली. शाळा सुरू झाल्यावर मात्र तिची तक्रार वेगळीच होती: तीन छिद्रांपैकी सर्वांत मोठे बेंबीत लपले होते आणि उरलेल्या दोन खुणा डास चावल्यासारख्या दिसत होत्या, त्यामुळे वर्गात कोणी विश्वासच ठेवेना. शेवटी तिने डिस्चार्जचा कागद दप्तरातून नेला.