टी-शर्टची साईझ मार्चमध्येच

मार्चमध्ये, म्हणजे इथे डेट्रॉइटला अंगणात अजून बर्फ होता तेव्हा, ऑफिसातल्या आमच्या एका सीनियर बाईंनी मला टी-शर्टची साईझ विचारली. कशाला म्हटलं, तर जुलैत आमचं फॅमिली रियुनियन आहे, तू येतेयस, ऑर्डर पंधरा तारखेला बंद. मुंजीच्या आदल्या रात्री केटररला फोन करून 'अजून पन्नास पानं धरा' सांगणाऱ्या घरातली मी, मला हसूच आलं. पण नुसता टी-शर्ट नाही हो, कमिटी आहे, खजिनदार आहे, माणशी वर्गणी आहे, आणि ती वेळेत आली नाही तर सख्ख्या भावालाही शर्ट मिळत नाही. गेल्या खेपेला एकाला नाही मिळाला आणि तो रुसून अलाबामातच राहिला, हे बाई इतक्या शांतपणे सांगत होत्या की मी लगेच साईझ देऊन टाकली. मीडियम. (लार्ज सांगायला हवी होती, ते सोडा.)

हे काळ्या लोकांचं घराणं. बाईंचे पणजोबा अलाबामातून डेट्रॉइटला मोटारींच्या कारखान्यात आले. फोर्डने १९१४ साली दिवसाला ५ डॉलर मजुरी जाहीर केली, दक्षिणेतल्या जाचाला कंटाळलेली माणसं आधीच निघालेली होती, आणि १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख काळे लोक असे दक्षिणेतून उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे गेले. म्हणून यांचं रियुनियन एकदा इथे, एकदा गावी. चाकरमानीच की! फक्त आपले आजोबा बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले आणि गणपतीला कोकणात परत जाता आलं, यांच्यातल्या अनेकांना परतणं इतकं सोपं नव्हतं.

कार्यक्रम बेल आइलवर होता. नदीतलं बेट, समोर कॅनडा, आणि तोही दक्षिणेला, जे आमच्या बाबांना नकाशा दाखवूनही पटत नाही. शंभरावर माणसं जांभळ्या शर्टात. मूळ आजीची सात मुलं, म्हणून सात फांद्या, प्रत्येक फांदीचा एक रंग, त्या रंगाचं कार्ड गळ्यात. माझं कार्ड पांढरं. एक सहा वर्षांचा पोरगा माझ्या कार्डाकडे बघत बघत आला आणि विचारतो, तू कोणाची? आमच्या गावात एसटीतून उतरल्यावर पाराजवळची म्हातारी अगदी हेच विचारते, त्याच आवाजात.

मॅक अँड चीज कोणी करायचं ते कमिटी ठरवत नाही, आज्या ठरवतात. नव्या सुनेला पहिली काही वर्षं बर्फ आणि पेपर प्लेट्स आणायचं काम. मला यात काहीच नवल वाटलं नाही, आमच्याकडे माझ्या हातात मोदकाची उकड यायला सहा गणपती जावे लागले होते. मी नेलेली कोथिंबीर वडी टेबलाच्या अगदी कडेला ठेवली गेली, पण एका काकांनी एकट्यानेच त्यातल्या निम्म्या संपवल्या.

जेवणानंतर त्याच काकांनी मला वंशवृक्षाच्या बॅनरपाशी नेलं. सगळ्यात वर एका बाईचं नाव, १८७०, वय २४. त्याच्या वर काहीच नाही. मी विचारलं, वरचं छापायचं राहिलं का? तर म्हणाले, १८७० च्या जनगणनेत पहिल्यांदा आमची नावं लिहिली गेली. त्याआधी १८६० ला मालकाच्या नावाखाली नुसतं वय, लिंग आणि रंग. मग त्यांनी घडी घातलेला एक झेरॉक्स काढला. एका माणसाचं नाव, खाली आकड्यांची रांग, त्यात एका १४ वर बोट ठेवून म्हणाले, बहुतेक ही. बहुतेक. बोट बराच वेळ तिथेच होतं. गुलामी संपल्यावर ताटातूट झालेले लोक पेपरात जाहिराती देऊन आईला, भावंडांना शोधत होते म्हणे, कित्येक वर्षं.

मी घरी आले आणि आमचा कुलवृत्तांत आठवला. ब्राऊन पेपरचं कव्हर घातलेला, अकरा पिढ्या, कोण कुठल्या गावाहून कुठे गेला सगळं छापील. आणि मागच्या पिढ्यांत बायकांच्या जागी रेघ. मीसुद्धा एका ओळीत संपते, कन्या, विवाहित, अमेरिका, पुढे पूर्णविराम, माझी मुलं त्यात नाहीतच. तुलना करत नाहीये, गुलामी कुठे आणि हे कुठे. शिवाय आमच्याकडे मुद्दाम रियुनियन लागतच नाही, गणपतीला सगळे आपोआप येतात, ना वर्गणी ना शर्ट, कोकण रेल्वेचं बुकिंग उघडल्याबरोबर भरतं ते काय उगाच? आता मी नऊ वर्षांत एकदाही गेले नाहीये हे खरं, पण गणपती नेमके इथल्या शाळा सुरू होतात तेव्हा येतात, आणि चार तिकिटांचा खर्च कोणी विचारू नये. पुण्याच्या कुलसंमेलनाला मी पैसे पाठवते. तिथे तरी काय, दीपप्रज्वलन, दहावीच्या मुलांचा सत्कार, आणि मठ्ठा संपला की निम्मं कार्यालय रिकामं. असं बाबाच सांगतात, मी पाहिलेलं नाही.

रविवारी बाबांना फोन करून विचारलं, पणजीचं माहेरचं नाव काय हो? ते गप्पच. म्हणाले, ताम्हणात तांदळात लिहिलं ते नाव माहितीये, आधीचं कोणी विचारलंच नाही. मग मी फॅमिली ग्रुपवर टाकलं, जिथे एरवी गुड मॉर्निंगची फुलं सोडून काही येत नाही. आत्या म्हणते नदीचं नाव होतं, काका म्हणतात छे, देवीचं. बुधवारपासून भांडण चालू आहे, आणि काल रात्री नाशिकच्या एका चुलत काकूंनी, ज्यांना मी लग्नानंतर एकदाही भेटलेले नाही, त्यांच्याकडच्या जुन्या पत्रिकेचा फोटो टाकते म्हणून सांगितलंय. ट्रंक माळ्यावर आहे, मुलगा शनिवारी काढून देणार आहे.