खाली पत्ते कशाला मागता?

"भाऊ, दुकानात कॉम्प्युटर आहे, मोबाईलवर मेसेज येते, मग गोळ्यांचे खाली, म्हणजे रिकामे, पत्ते काहून मागून राह्यले?" नागपुरात सक्करदऱ्याच्या माझ्या औषधाच्या दुकानात हे रोज कोणीतरी विचारतं. भंगाराचा धंदा सुरू केला का, हेही विचारून झालंय. तर तुम्ही विचारलंत म्हणून.

सॉफ्टवेअरशी माझं भांडण नाही. हौसेने मीच घेतलं. कोणत्या बॅचची मुदत आधी संपते ते दाखवतं, गांधीबागेतल्या ठोक बाजारात सांगायची यादी सकाळी तयार असते. इन्सुलिन किती लागेल तेही कळतं. नाहीतर मे महिन्यात २ ते ८ अंशांत ठेवायचा जादा माल, आणि लाइट गेली की जीव टांगणीला.

गोळ्या संपायच्या दोन दिवस आधी गिऱ्हाइकाला मेसेज, पोऱ्या घरी पोचवणार, आणि वेळेवर घेणाऱ्याच्या नावापुढे हिरवा ठिपका. गल्लीतल्या एका काकूंचा ठिपका सदा हिरवा. मी तो लोकांना दाखवायचो.

दिवाळीनंतर डॉक्टरांनी त्यांची बीपीची गोळी, अ‍ॅम्लोडिपिन, ५ मिलिग्रॅमची १० केली. महिन्याला १५ गोळ्यांचे दोन पत्ते, पाच महिने, एकदाही खाडा नाही. एप्रिलमध्ये काकूंना लकवा मारला. आठवड्याने मुलगा पिशवी घेऊन आला. "भाऊ, हे वापस होईल का?" मी काउंटरवर ओतली. आठ पत्ते शाबूत, नवव्यातल्या सहा गोळ्या गेलेल्या. बॅच नंबर माझ्याच बिलांवरचे. सवयीने हिशेब झाला: दहापैकी एक पत्ता आणि वर सहा गोळ्या, म्हणजे २१ दिवस घेतल्या, मग बंद.

"पाय सुजत होते म्हणे. चप्पल जात नव्हती. आम्हाला काळजी नको म्हणून बोलली नाही."

या गोळीने काहींचे पाय सुजतात, डोस वाढला की जास्तच, हे मी कॉलेजात शिकलो. डॉक्टरांच्या कानावर गेलं असतं तर त्यांनी गोळी बदलली असती. पूर्वी काकू स्वतः यायच्या, बाकावर टेकायच्या. माझी नजर पायांकडे गेलीच असती. गेली असती का? संध्याकाळच्या गर्दीत मी कोणाचे पाय बघितलेत? पण त्यांचं येणं घरपोच सेवेने बंद केलं, आणि ती सेवा माझी.

पत्ते वापस घेतले नाहीत. स्वयंपाकघरात उन्हाळ्यात पडलेली गोळी दुसऱ्याला कशी देणार? तो पिशवी तशीच ठेवून गेला.

तेव्हापासून पोऱ्या रिकामे पत्ते मागतो. नाही मिळाले तर मी फोन करतो. "गोळ्या घेता का" विचारत नाही, कारण सगळे हो म्हणतात. "त्रास काय होतो" विचारतो. बायको म्हणते, ज्याला लपवायचं तो गोळ्या नालीत टाकून पत्ता देईल. बरोबर आहे तिचं. दोघांबद्दल मला तसा संशयही आहे. चार गिऱ्हाइकं तर ही पोलीसगिरी नको म्हणून दुसऱ्या दुकानात गेली.

काकूंना आता सून गोळी देते, दुसरी. परवा तिने न मागता रिकामा पत्ता पाठवला, प्रत्येक खळगा नीट दाबलेला. स्क्रीनवर ठिपका हिरवा आहे. तो त्या पाच महिन्यांतही हिरवाच होता.