तुम्ही विचारलंत म्हणून: चालू गाडीत फ्रीज चालते का जी?

नागपूर-हिंगणघाट रस्त्यावरच्या जाम चौरस्त्यावर चहाला थांबलो की हा प्रश्न ठरलेला. बोलेरोमागची पांढरी ट्रॉली पाहून लोक आधी तिच्याभोवती एक चक्कर मारतात, खिडकीतून आत डोकावतात, गाद्या, शेगडी, पाण्याची टाकी पाहून घेतात. मग कोणीतरी विचारतंच, "सर, याच्यातला फ्रीज चालू गाडीत चालते का जी? का नुसताच शोभेचा हाये?"

चालतो. पण पहिली दोन वर्षं तो धड चालत नव्हता, आणि तो का चालत नव्हता हे सांगायला चहा एक पुरत नाही. म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो. निवृत्त झाल्यावर नागपूरच्या एका हौशी गृहस्थांनी बनवून घेतलेली ही ट्रॉली विकत घेतली. हिला बारा-तेरा वर्षांपासून मधुमेह, दिवसातून दोनदा इन्सुलिन. न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ अंशांत ठेवायच्या, गोठू द्यायच्या नाहीत, तापू द्यायच्या नाहीत. आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंश म्हणजे बातमीसुद्धा होत नाही. २०१३च्या मे महिन्यात नागपुरात पारा ४७.९वर गेला होता. अशात औषध पिशवीत टाकून फिरणं शक्य नव्हतं. ट्रॉलीत फ्रीज होता म्हणून ट्रॉली घेतली, असं म्हटलं तरी चालेल.

तो फ्रीज 'थ्री-वे' प्रकारचा. घरच्या २३० व्होल्टवर चालतो, गाडीच्या १२ व्होल्टवर चालतो आणि गॅस सिलिंडरवरही चालतो. त्यात कॉम्प्रेसर नसतो, घरघर नसते. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन एका बंद नळीजाळ्यात भरलेले असतात. खालून उष्णता दिली की अमोनिया पाण्यातून सुटतो, वर जाऊन द्रव होतो, थंडावा देतो आणि परत पाण्यात विरघळतो. १९२२ साली स्वीडनमध्ये फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी ही युक्ती काढली. उष्णतेने थंडी करायची, ही कल्पना मला इतकी आवडली की फ्रीजच्या पाठीला हात लावून मी दोन दिवस नुसता तिथेच घुटमळत होतो. हिनं विचारलं, "फ्रीज घेतला की बायको केली?"

पहिलाच मोठा प्रवास चिखलदऱ्याचा. मे महिना. रात्रभर घरच्या विजेवर फ्रीज गार करून घेतला, सकाळी १२ व्होल्टवर टाकला, निघालो. परतवाड्याला दार उघडलं तर थर्मामीटर २१ दाखवत होता. दही फुगलेलं, लोणी पार मऊ पडलेलं. इन्सुलिनच्या दोन नव्या बाटल्या टाकून दिल्या. तिथल्या औषधाच्या दुकानातून नव्या घेतल्या आणि रात्री लॉजवाल्याच्या फ्रीजमध्ये ठेवल्या.

परत आल्यावर नागपूरच्या एका दुरुस्तीवाल्याला दाखवला. त्यानं फ्रीजला हातही न लावता सांगितलं, नळ्यांमधला गॅस गेला, नवीन घ्या. आता गंमत अशी की घरी २३० व्होल्टच्या प्लगला लावला की तोच फ्रीज रात्रीतून ५ अंशांवर येत होता. गॅस गेला असता तर कशावरच गार झाला नसता. एवढी साधी गोष्ट मला त्याच्या दुकानातून बाहेर पडल्यावर सुचली.

हिंगणघाटला बॅटरीचं दुकान चालवणारा एक पोरगा आहे, माझाच विद्यार्थी. दहावीला विज्ञानात काठावर पास. त्यानं इंजिन सुरू ठेवायला सांगितलं, फ्रीज १२ व्होल्टवर टाकायला लावला आणि मीटर घेऊन आधी बोलेरोच्या बॅटरीवर टेकवला. १३.७. मग ट्रॉलीत शिरून फ्रीजच्या मागच्या टोकाला. १०.४.

"सर, फ्रीज खराब नाही जी. उपाशी हाये."

वाटेत ३.३ व्होल्ट कुठे सांडले, ते त्यानं अर्ध्या तासात शोधून दाखवलं. पॉझिटिव्हची वायर घरच्या फिटिंगमधली, अडीच चौरस मिलिमीटरची, बॉनेटपासून फ्रीजपर्यंत नऊ मीटर. तिच्यात सुमारे ०.७ गेले. गाडी-ट्रॉलीच्या मधल्या सात पिनांच्या प्लगमध्ये १.१, एक पिन हिरवी पडलेली आणि तिच्याभोवतीचं प्लास्टिक तपकिरी झालेलं, बोट लावलं तर चटका. राहिलेला दीड? त्यासाठी त्यानं मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर धरलं आणि दुसरं ट्रॉलीच्या चेसिसवर. जिथे शून्याच्या आसपास काहीतरी दिसायला हवं तिथे १.५. म्हणजे ट्रॉलीला स्वतंत्र अर्थची, करंट परत नेणारी वायरच नव्हती. सगळा करंट हूकच्या गोळ्यातून परत जात होता. ग्रीस, गंज आणि धूळ यांच्या थरातून.

तीस वर्षं मी फळ्यावर ओहमचा नियम लिहिला. दरवर्षी त्यावर दोन मार्कांचं गणित घातलं. वायरीतही व्होल्टेज पडतं, हे गणितात कधी धरलंच नव्हतं; आमच्या पुस्तकी वायरींना रोध शून्य असायचा. आणि थ्री-वे फ्रीजचं १२ व्होल्टवरचं काम म्हणजे नुसता हीटर. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. १२ला १५० वॅट देणारा हीटर १०.४ला ११३ वॅटच देतो. व्होल्टेज आठवा हिस्सा कमी झालं की ताकद चौथा हिस्सा कमी. उपाशी हा शब्द त्यानं अगदी मापून वापरला होता.

उपाय त्यानंच केला. बॅटरीपासून फ्रीजपर्यंत दहा चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या दोन वायरी, एक पॉझिटिव्ह आणि एक अर्थ, दोन्ही सरळ बॅटरीवरून. बॅटरीजवळ हातभर अंतरात फ्यूज, म्हणजे वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर आग लागायच्या आधी फ्यूज उडेल. सात पिनांचा प्लग फक्त इंडिकेटर आणि ब्रेक लाइटसाठी ठेवला, फ्रीजसाठी फोर्कलिफ्टच्या बॅटरीला असतो तसा जाड दोन टोकांचा वेगळा प्लग. मधे एक रिले, म्हणजे आपोआप लागणारा स्विच, जो चावी फिरवल्यावरच लागतो. परत मोजलं: फ्रीजच्या टोकाला १३.२.

रिले कशाला, असं कोणी विचारलं तर मी रामटेकची सकाळ सांगतो. तो बसवायच्या आधीची गोष्ट. रात्री फ्रीज १२ व्होल्टवरच राहिला, आणि हा फ्रीज दहा-बारा अँपिअर खातो. पहाटे बोलेरो हूं की चूं करेना. ट्रॉली सोडवली, गडावर दर्शनाला निघालेल्या सात-आठ पोरांना हाक मारली, धक्का स्टार्ट. एकानं जाता जाता विचारलं, "काका, घरच घेऊन फिरता तर धक्का माराले माणसं नाही आणली का?"

गॅसवर का नाही चालवत, हाही प्रश्न येतो. उभ्या ट्रॉलीत चालवतो, पण रस्त्याला लागण्याआधी सिलिंडरचा नॉब बंद. मागे ज्योत जळती ठेवून पेट्रोल पंपावर गाडी लावणारा माणूस मला तरी व्हायचं नाही. शिवाय वाऱ्यानं ज्योत विझते आणि तुम्हाला चार तास कळतही नाही. उभं करतानाही ट्रॉली सपाट लागते. या फ्रीजमध्ये पंप नाही, द्रव उतारानंच खाली येतो; ट्रॉली कलती राहिली की तो नळीत एका जागी तुंबतो, खालचा भाग नुसता तापत राहतो आणि शेवटी कायमचा बाद होतो. चालत्या गाडीत हेलकावे बसतात म्हणून तिथे एवढं जपावं लागत नाही. मी चाकाखाली फळ्या सारतो आणि फ्रीजमध्ये स्पिरिट लेव्हल ठेवून पाहतो. घर बांधताना गवंड्याची राहून गेली होती, ती अशी कामी आली.

एवढं करून पावसाळा-हिवाळा सुखात गेला. पुढच्या मे महिन्यात मात्र फ्रीज १४च्या खाली यायला तयार नाही. व्होल्टेज पूर्ण, प्लग गार, अर्थ चोख. इथे दोष कोणाचाच नव्हता. हे फ्रीज बाहेरच्या हवेपेक्षा वीस-पंचवीस-तीस अंशच खाली जाऊ शकतात. अतिउष्ण प्रदेशांसाठी म्हणून जो वर्ग कागदावर असतो, तोही ४३ अंशांपर्यंतच. बंद ट्रॉलीत फ्रीजच्या पाठीमागे भर दुपारी किती होतं ते मी एकदा मोजलं: ५१. पाठीमागे बारका पंखा लावला, तीन अंशांचा फरक पडला. दह्याला ते चाललं असतं, इन्सुलिनला नाही.

शेवटी तो काढला. वाईट वाटलं, खरं सांगतो. आता १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला आहे. चालू असताना तीन-चार अँपिअर घेतो, मधे थांबतो. मे महिन्यात दिवसाला पन्नास-साठ अँपिअर-तास. त्यासाठी ट्रॉलीतच १०० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ठेवली. ती चालत्या गाडीत डीसी-डीसी चार्जरवरून, म्हणजे गाडीचं व्होल्टेज या बॅटरीला हवं तेवढं करून देणाऱ्या डबीवरून भरते, उभ्या गाडीत छतावरच्या सोलर पॅनेलवरून. चार्जर मुद्दाम लिहितोय, कारण हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर इंधन वाचवायला मधेच व्होल्टेज उतरवतो. नुसत्या वायरीनं जोडलेली मागची बॅटरी मग दिवसभर चालूनही अर्धीच भरते. कलण्याची याला फिकीर नाही. पण उपाशी हाही काम करत नाही. साडेदहा व्होल्टच्या आसपास घसरला की कॉम्प्रेसर स्वतःहून बंद होतो. आणि बंद झाला की व्होल्टेज लगेच वर येतं, म्हणून मीटर लावणाऱ्याला सगळं छान दिसतं. कॉम्प्रेसर चालू असतानाच, फ्रीजच्या टोकालाच मोजायचं. ज्यांनी ज्यांनी मला "वायर बरोबर हाये जी, मोजली" असं सांगितलं, त्यांतल्या बहुतेकांनी फ्रीज बंद ठेवून मोजली होती.

एक आपल्याकडचंच दुखणं सांगायचं राहिलं. हिंगणघाट कापसाचं गाव. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या जाऊन जाऊन रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लागलेला दिसतो. तोच फ्रीजच्या मागच्या जाळीला लागतो. एका डिसेंबरात फ्रीज उगाच तासन् तास चालत होता, बॅटरी लवकर उतरत होती. जाळी काढली तर आतून उशी निघाली. हिनं ती खरंच गोळा करून वाती वळल्या.

फ्रीज भरतानाही आमची एक रीत आहे. आदल्या रात्री घरच्या विजेवर गार करायचा. मोकळी जागा राहिली तर पाण्याच्या गार बाटल्या. इन्सुलिन एका झाकणाच्या डब्यात, मधल्या कप्प्यात, बर्फाच्या पत्र्याला न टेकता, सोबत कमीत कमी आणि जास्तीत जास्त तापमान लक्षात ठेवणारा छोटा थर्मामीटर. दाराला खटका असला तरी वरून एक पट्टा. वडनेरच्या पुढच्या एका गतिरोधकानं तो शिकवला, आणि ताकाचा वास ट्रॉलीत पंधरा दिवस होता. आणि सगळंच बंद पडलं तर म्हणून एक मोठं मडकं, त्यात लहान मडकं, मधे ओली रेती, वर ओलं फडकं. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात ते चांगलं गार होतं. ८ अंश देणार नाही, पण घरी पोचेपर्यंत बाटली उन्हापासून वाचते.

डॅशबोर्डवर आता एक लहानसा आकडा दिसतो, मागच्या फ्रीजच्या टोकाचं व्होल्टेज. माझं लक्ष रस्त्यावर, तो आकडा हिच्याकडे. गिरडच्या वाटेवर मी गाणं लावलेलं असतं तेव्हाही ही मधेच म्हणते, "अहो, तेरा एक." मी मान हलवतो. परवा म्हणाली, "बारा सहा झालं जी," आणि मी गाडी बाजूला घेतली. प्लग अर्धा निघून लोंबकळत होता.