‘आउट’ जोडलं आणि घोळ झाला

आमच्या एका सप्लायरचा स्टोअरकीपर दोन दिवस फोन उचलत नव्हता. शेवटी गडी सांगलीत, भाच्याच्या लग्नात सापडला. लंडनच्या क्लायंटला कॉलवर मी ऐटीत सांगितलं, ‘आय फाउंड हिम आउट!’ पलीकडे शांतता. मग बाईंनी दबक्या आवाजात विचारलं, ‘व्हॉट डिड ही डू?’

माझा हिशेब साधा होता: ‘फाइंड’ म्हणजे शोध, ‘आउट’ म्हणजे काढ, झालं ‘शोधून काढ’. पण माणसाला ‘फाइंड आउट’ केलं म्हणजे त्याची लबाडी पकडली. बिचारा लग्नात वाढपी होता! म्हणायला हवं होतं ‘ट्रॅक्ड हिम डाउन’. माग काढत गाठला.

मग तीस फ्रेझल व्हर्ब्सची, म्हणजे ‘आउट’, ‘अप’सारखं शेपूट जोडून अर्थ बदलणाऱ्या क्रियापदांची, यादी घोकली. आठवड्यात सगळी साफ विसरलो. शेवटी वहीत प्रत्येकासमोर मराठी जोडीदार लिहायला लागलो. ‘डिग अप’ला ‘उकरून काढणे’ चपखल बसलं; जुनी भांडणं दोन्ही भाषांत उकरतातच. ‘स्निफ आउट’ला वास काढत जाणारं कुत्रं. ‘फेरेट आउट’पाशी अडलो. फेरेट हा मुंगसासारखा लांबुडका प्राणी. युरोपात तो सशांच्या बिळात सोडायचे. ससे घाबरून बाहेर पळायचे आणि तोंडाशी लावलेल्या जाळ्यात अडकायचे. हे वाचल्यावर तो शब्द कायमचा डोक्यात बसला.

‘फाइंड आउट’ आणि ‘फिगर आउट’ मात्र महिनाभर गोंधळ घालत होते. ते सुटलं मार्चअखेरीस. ट्रायल बॅलन्समध्ये, म्हणजे जमा-नावेच्या ताळ्यात, 270 रुपयांचा फरक. दोन आकडे उलटे पडले की फरकाला नेहमी नऊने भाग जातो; 270 लाही जातो, म्हणजे बहुधा आकड्यांची अदलाबदल झाली असणार. व्हाउचरं चाळली, तर 630 च्या जागी 360! डोकं चालवून उलगडलं, हे ‘फिगर आउट’. ती एंट्री कुणी केली हे शेजारच्या टेबलावर विचारून कळलं, ते ‘फाइंड आउट’. (एंट्री माझीच होती.)

‘फिगर आउट इट’ नाही, ‘फिगर इट आउट’, हे आता तोंडात बसलंय. ‘सी थ्रू’ची धास्ती अजून आहे. ‘सी थ्रू हिम’ म्हणजे त्याचं पितळ ओळखणं, ‘सी हिम थ्रू’ म्हणजे अडचणीतून त्याला पार नेणं. लंडनच्या कॉलवर मी दोन्ही टाळतो.