कॅफे का काढत नाही, ते एकदा सांगते

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. पण तुम्ही पहिले नाही. हळदीकुंकवाला विचारतात, भाजीच्या गाडीपाशी विचारतात, केक न्यायला आलेली माणसं दारातल्या चपला घालता घालता विचारतात: "एवढं छान करता, बेंगळूरला अकरा वर्षं राहून आलात, मग इथे बेळगावात, टिळकवाडीत एखादा कॅफे का काढत नाही?" मी "बघू" म्हणते. "बघू" म्हटलं की समोरच्याला वाटतं, हिच्यात धमक नाही, नाहीतर नवरा नको म्हणत असणार. नवरा नको म्हणत नाही. भावोजींनी तर आकडेमोडसुद्धा करून दिली आहे.

पाटीचाही प्रश्न नाही. आता कर्नाटकात दुकानाच्या फलकावर ६० टक्के कन्नड लागतं, म्हणून मराठी माणसं दुकान काढायला कचरतात, असं माझ्या वतीने दोघातिघांनी परस्पर सांगून टाकलं. पाटीबद्दल माझं जे मत आहे ते आहे, पण मी त्यामुळे अडलेली नाही. मी केकवर दोन्ही लिप्यांत नावं घालते. 'हुट्टुहब्बद शुभाशयगळु', म्हणजे वाढदिवसाच्या शुभेच्छा, हे कन्नडमध्ये लिहायला खरं तर सोपं जातं, कारण कन्नड अक्षरं गोल, क्रीमचा कोन हातात फिरवत न्यायचा. मराठीत शिरोरेघ सरळ यावी म्हणून श्वास रोखावा लागतो.

आणि हॉटेलात खाणं मला आवडत नाही, असंही नाही. बेंगळूरला आम्ही दर शनिवारी बाहेर खायचो. दर्शिनीत, म्हणजे तिथल्या उभ्याने खायच्या छोट्या हॉटेलात, इडली-वडा खाल्लाय, लालबाग रोडवरच्या एमटीआरच्या बाहेर नंबर लागायची वाट बघत तासभर काढलाय. ते हॉटेल १९२४ पासूनचं. आणीबाणीत सरकारने खाण्याचे दर बांधून दिले, तेव्हा त्या दरात हवं तसं देता येईना म्हणून मालकांनी ते काही काळ बंदच ठेवलं होतं, ही गोष्ट मला तिथल्याच रांगेत एका आजोबांनी सांगितली. व्ही. व्ही. पुरमच्या अय्यंगार बेकरीतला खारा बन मला आजही आठवतो. हे सगळं मला मनापासून आवडायचं. म्हणूनच मी त्यात शिरले.

२०१६ ची गोष्ट. मुलगा चौथीत, नवऱ्याची कंपनी बदललेली, मधल्या तीन महिन्यांचा पगार अडकलेला. आमच्या घरापासून दोन बस स्टॉपवर वीसेक खुर्च्यांचा एक कॅफे होता. एका मैत्रिणीच्या ओळखीने मी तिथे संत्र्याचा लोफ, म्हणजे पावासारखा लांबट केक, नेऊन दिला. संत्र्याची साल किसून साखरेत चोळायची, साखर केशरी आणि ओलसर झाली की मगच बटर घालून फेटायचं, एवढीच त्यातली खुबी. त्यांना तो आवडला. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सहा-सहा लोफ द्यायचे ठरले. एका लोफचे मला ४२० रुपये. त्याचे ते दहा तुकडे करून एकेक १६० ला विकत. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती आणि आजही नाही. भाडं त्यांचं, एसी त्यांचा, पोरांचे पगार त्यांचे.

पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये आई आली. राणी चन्नम्मा एक्सप्रेसने सकाळी उतरणार होती, म्हणून त्या मंगळवारी केक जमणार नाहीत, असं मी कॅफेत आधीच कळवलं होतं. बुधवारी दुपारी मी तिला तिथे घेऊन गेले. माझे केक तिथे असतात हे तिला माहीत होतं, पण त्यातला कुठला माझा ते मी मुद्दाम सांगितलं नाही. तिने स्वतः ओळखावा, अशी माझी हौस.

काचेत संत्र्याच्या लोफचे सहा तुकडे होते. म्हणजे शुक्रवारचे. मी मनात बोटं मोजली: शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार. मग स्वतःला सांगितलं, संत्र्याचा केक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उलट जास्त मुरतो. पाचव्या दिवशी काय होतं ते मला माहीत होतं. तरीही मी एक तुकडा मागवला.

पोराने तो पांढऱ्या बशीत आणून ठेवला. वरून चकचकीत, किंचित गरम. आईने काटा बाजूला सारला आणि अंगठ्याने तुकड्याच्या कडेला हलकं दाबलं. पोळी झाली की नाही बघायला दाबते तसं. ताजा स्पंज असेल तर दाबलेला खड्डा वर येतो. तो आला नाही. तिने एक घास घेतला, सावकाश चावला, पाणी प्यायली आणि बशी माझ्याकडे सरकवली.

"वरनं ओलं, आत भुसा. पाक पाजलाय गं ह्याला."

मी काहीच बोलले नाही. मग ती म्हणाली, "हे तुझ्या हातचं न्हवे. तू असलं कुणाला घालायची नाहीस."

मी "नाही गं, हा त्यांचा" म्हटलं. एवढं एक वाक्य. आईशी मी मोठं असं कधी खोटं बोलले नव्हते. बिल दिलं, रिक्षा केली, घरी आलो. संध्याकाळी तिने मला मटकीची उसळ करून घातली आणि विषय तिथेच संपला. तिच्यापुरता.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच गेले आणि काउंटरवरच्या पोराला विचारलं. गदगकडचा असावा, बोलण्यात तो हेल होता. त्याने काहीही न लपवता सांगितलं, "अक्का, सिरप हाकिद्रे साफ्ट आगुत्ते." तुकड्यावर ब्रशने साखरेचा पाक मारायचा, पंधरा सेकंद मायक्रोवेव्ह करायचा. केक मऊ होतो, चकाकतो. बशी टेबलावर जाऊन दोन घास होईपर्यंत तसाच राहतो.

पाक लावणं हे काही पाप नाही, हे मी मुद्दाम सांगते. अय्यंगार बेकरीतला हनी केक पाकातच भिजवलेला असतो, वर जॅम आणि खोबऱ्याचा कीस, आणि तो मला प्रिय आहे. तिथे पाक हा त्या केकचा भाग आहे. इथे तो पाच दिवस झाकायला वापरला होता.

मालकीणबाईंशी बोलले. चांगल्या बाई होत्या, माझे पैसे कधी एक दिवस उशिरा दिले नाहीत. त्या म्हणाल्या, "काचेत पाच प्रकार दिसले नाहीत तर गिऱ्हाईक आत येत नाही. पाच ठेवले तर रोज दोन उरतात. उरलेले टाकले तर मी महिन्याभरात दुकान बंद करीन. आणि कुणाला त्रास झालाय का?" नव्हता झाला. साखर-बटरचा केक पाच दिवसांत विषारी होत नाही, नुसता शिळा होतो. मला उत्तर सुचलं नाही. मी म्हटलं, "शुक्रवारी सहाऐवजी चार देते." त्या हो म्हणाल्या.

आणि मी देत राहिले. अजून पाच महिने. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

तेव्हाच बंद का केलं नाहीस, असं मी स्वतःला किती वेळा विचारलंय. आणि तेव्हाची ती मी मला दर वेळी एकच उत्तर देते: शाळेची फी कोण भरणार होतं? मी तिला म्हणते, दागिना मोडायचास. ती म्हणते, तू आज बेळगावात वडिलार्जित घरात बसून हे सांगतेयस. भाडं नाही, लिफ्टचा मेंटेनन्स नाही. दोघींचंही खरं आहे. आमचं भांडण मिटत नाही.

२०१९ ला आम्ही इकडे आलो. लॉकडाऊनमध्ये बेकऱ्या धड चालू नव्हत्या, तेव्हा शेजारच्या मुलीच्या वाढदिवसाला एक केक केला आणि तिथून हे सुरू झालं. आता माझा नियम तुम्हाला ठाऊक आहे: दिवसाला तीन केक, आदल्या दिवशी दुपारी बारापर्यंत सांगायचं. संध्याकाळी सहाला फोन करून "आठला हवाय" म्हटलं तर मी नाही म्हणते. त्याला काही जण माज म्हणतात, तेही माझ्या कानावर येतं.

पण मला ही पद्धत कुठल्या मोठ्या शहराने शिकवलेली नाही. आमच्या लहानपणी दिवाळीआधी कॅम्पातल्या बेकरीत बिस्किटं भाजून आणायला जायचो. मैदा, पिठीसाखर, डालडा घरून डब्यांतून न्यायचं. भट्टीवाले चाचा पाटावर ते मळायचे, नानकटाईचे गोळे पत्र्यावर मांडायचे आणि प्रत्येक पत्र्याच्या कडेला खडूने नंबर घालायचे. आमचा नंबर येईपर्यंत रात्रीचे दहा वाजायचे. बाकड्यावर बसून राहायचं, आत लाकडं तडतडायची. मग गरम पत्रा बाहेर यायचा, चाचा सांगायचे, "अभी डब्बा बंद नको करू, घाम येईल." झाकण उघडं ठेवून डबा मांडीवर घेऊन घरी. केकने माणसाची वाट बघत काचेत बसण्याऐवजी माणसाने बाकड्यावर बसून थांबावं, हे मला तिथूनच बरोबर वाटत आलंय.

यावर माझे भावोजी म्हणतात, मग दर्शिनीवाल्यांचं कसं जमतं? तिथे कुठे कोण थांबतं? त्याचं उत्तर साधं आहे. त्यांची इडली पात्रातून निघते आणि दहा मिनिटांत संपते, कारण सकाळभर माणसांचा ओघ थांबत नाही. खप असेल तर ताजेपणा आपोआप येतो. वीस खुर्च्यांच्या कॅफेत तो ओघ नसतो. माणसं एका कॉफीवर दोन तास बसतात, त्यांनी बसावं म्हणूनच तर खुर्च्या मऊ असतात. भावोजींच्या हिशेबाने मला रोज साठ तुकडे विकावे लागतील. बेळगावात शनिवार-रविवारी विकले जातीलही. मंगळवारचं काय? मंगळवारी उरलेले वीस तुकडे बघून मी ब्रश हातात घेणार नाही, अशी खात्री मला स्वतःबद्दल देता येत नाही. पाच महिने गप्प राहिलेली बाई मीच आहे.

दुसरा सल्ला मिळतो तो असा, की मग टिकणारं विक. आपलं गाव टिकाऊ खाण्याचंच आहे म्हणा. दूध आटवून आटवून केलेला कुंदा पाहुण्यांबरोबर मुंबईला जातो, गोकाकचं करदंट तर त्याहून लांब जातं, मांडे लग्नानंतरही डब्यात कुरकुरीत राहतात. या सल्ल्यात तथ्य आहे. मी खारी, नानकटाई, जिरा बिस्किटं करू शकते. पण मला स्पंज करायला आवडतो, त्याला काय करू? २०२० च्या ऑक्टोबरपासून मिठाईच्या दुकानांत सुट्या मिठाईच्या ट्रेपुढे ती कुठल्या तारखेपर्यंत खावी, ते लिहावं लागतं. तेव्हापासून माझ्या मनात येतं, कॅफे काढला तर काचेत प्रत्येक केकपुढे 'आज सकाळचा', 'कालचा' अशी पाटी लावीन आणि कालचा अर्ध्या किमतीत देईन. मुलगा म्हणतो, मग सगळे कालचाच घेतील. घेऊ देत की.

आता एक कबुली द्यायलाच हवी, नाहीतर हे सगळं लिहून मी फार सोवळी ठरेन. गेल्या डिसेंबरमध्ये नाताळ आणि नवीन वर्ष मिळून इतक्या ऑर्डरी आल्या, की मी चार स्पंज चार दिवस आधी भाजून डीप फ्रीजरमध्ये ठेवले. कुणाला सांगितलं नाही. कुणी ओळखलंही नाही. माझ्याकडे त्याचं शास्त्र आहे: पिठातला स्टार्च भाजल्यानंतर हळूहळू परत कडक होत जातो आणि साध्या फ्रीजच्या चार-पाच अंशांत तो सगळ्यात लवकर कडक होतो, पण उणे अठराला ही क्रिया जवळजवळ थांबते. घट्ट गुंडाळून ठेवलेला स्पंज बाहेर काढल्यावर खरंच ताजा लागतो. यातलं एक अक्षर खोटं नाही. पण हे समजावून सांगताना माझा आवाज मला त्या मालकीणबाईंसारखा ऐकू येतो. "कुणाला त्रास झालाय का?" आता ऑर्डर घेतानाच मी सांगते की स्पंज आधी भाजलेला असेल. दोघींनी ऑर्डर रद्द केली, बाकीच्यांना फरक पडला नाही.

आई आता अठ्ठ्याहत्तरची आहे. डोळ्यांनी कमी दिसतं, म्हणून मी लिहिलेलं तिला वाचून दाखवावं लागतं. हेही दाखवणार आहे. बशी सरकवली त्या जागेपाशी मी अडखळेन, पण वाचीन.

टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटच्या अलीकडे एक गाळा रिकामा आहे. मी दोनदा जाऊन बघून आले, टेप लावून मापंही घेतली. ओव्हन मागच्या भिंतीला बसतो, पुढे एक लांब बाकडं मावतं. काचेचं कपाट ठेवायचं की नाही ते ठरत नाही. गाळ्याचे मालक दिवाळीपर्यंत थांबायला तयार आहेत. तोवर केक हवा असेल तर आदल्या दिवशी बाराच्या आत फोन करा.