गोठ्यातला बल्ब, न्हाणीतला नळ

मागच्या पौषात आई म्हणाली, "नळले हात लावा का झिनझिन्या येतस रे, भाऊ." पहाटे दूध काढून झालं की ती न्हाणीत हात धुते, तेव्हाच हे होतं, असंही तिने सांगितलं. मी दुपारी नळाला टेस्टर लावला. काही नाही. गिझर चालू करून पुन्हा लावला, तरी काही नाही. थंडीने बोटं बधिर होत असतील अशी मी माझी समजूत घातली आणि धुळ्याला कामावर परत गेलो. तिच्या त्या एका वाक्यातच सगळं उत्तर होतं, हे मला यंदा दिवाळीनंतर कळलं.

खान्देश म्हटलं की लोकांना ४५ अंशांचं ऊनच आठवतं. पण डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडे पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो, आणि आमचं शिरपूर तालुक्यातलं गाव तर उघड्या शिवारात. पूर्वी अंगणात तांब्याचा बंब पेटायचा, पऱ्हाट्यांवर पाणी तापायचं. आईचे गुडघे गेले, धुराने खोकला वाढला, म्हणून चार वर्षांपूर्वी गिझर बसवला. तो बसवताना घराच्या जुन्या वायरिंगचा विचार आम्ही कुणीच केला नाही. उन्हाळ्याआधी कूलर उघडून पाहतो, थंडीआधी बोर्ड उघडायची आमच्याकडे रीतच नव्हती.

यंदा भाऊबीज झाल्यावर मी गावातल्या वायरमन आप्पांना बोलावलं. माझी यादी साधी होती: गिझरचा प्लग गरम होतो तो बदलायचा, आणि मेन बोर्डात आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा खटका, बसवायचा.

प्लगचं कारण लगेच सापडलं. गिझर २००० वॅटचा, म्हणजे २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर ओढणारा. त्याची वायर दिव्यांच्या बोर्डातून काढलेली, एक चौरस मिलिमीटरची, आणि त्याच बोर्डावर पाहुणे आले की पाणी तापवायचा १५०० वॅटचा रॉडही लागायचा. दोन्ही मिळून १५ अँपिअर. वायरीचं प्लॅस्टिक टोकाला काळं पडून कडक झालं होतं, बोटाने दाबलं की तुकडे पडत होते. आप्पांनी मेन बोर्डापासून अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वेगळी लाइन ओढली, १६ अँपिअरचा सॉकेट आणि तिची स्वतःची एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाह गेला की आपोआप पडणारा खटका, दिली. रॉड मी माळ्यावर टाकला.

मग आरसीसीबी. मी विचारलं, एमसीबी आहेत ना, मग हा आणखी कशाला? आप्पा म्हणाले, "एमसीबी वायरले वाचाडस, मानूसले नही." १६ अँपिअरची एमसीबी त्याहून जास्त प्रवाह गेला की पडते, आणि माणसाचा जीव जायला त्याचा अगदी छोटा हिस्सा पुरतो. आरसीसीबी वेगळंच पाहतो. फेजमधून जेवढा प्रवाह गेला तेवढा न्यूट्रलमधून परत आला का? ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो निमिषात लाइन तोडतो, कारण परत न आलेला प्रवाह कुठेतरी जमिनीत, भिंतीत किंवा कुणाच्या तरी अंगातून जात असतो.

बसवला, टेस्टचं बटण दाबलं, खट्‌कन पडला. वर केला. गिझर, फ्रिज, मोटर, सगळं चाललं. आप्पा चहा पिऊन गेले. संध्याकाळी आई म्हशीला पेंड ठेवायला गोठ्यात गेली आणि घर अंधारात गेलं. मी खटका वर केला, पुन्हा पडला. तीनदा असं झालं. शेजारचे काका म्हणाले, माल खराब दिसतो, थेट जोडून घे. खरं सांगतो, रात्रीपुरतं तसं करावं असं मलाही वाटून गेलं. तेवढ्यात आईने गोठ्यातला बल्ब बंद केला, आणि खटका वर राहिला.

सकाळी आप्पा आले ते थेट गोठ्यात. बल्बच्या होल्डरला फेज बरोबर होती. दुसरी तार मात्र न्यूट्रलला न जाता अर्थिंगच्या तारेला पिळलेली. कधीतरी उंदरांनी न्यूट्रल कुरतडलं असणार, आणि कुणीतरी जवळची तार धरून बल्ब पेटवला. खेड्यात ही युक्ती बऱ्याच घरांत दिसते, बल्ब लागतो म्हणून कुणाला काही वाटत नाही. साठ वॅटच्या त्या बल्बचा प्रवाह अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जायचा. आणि गिझरचं पत्र्याचं अंग, त्याला जोडलेला लोखंडी पाइप, न्हाणीतला नळ, सगळं त्याच तारेवर.

आप्पांनी मोजण्यापुरता आरसीसीबी वगळून मल्टीमीटर लावला. बल्ब बंद असताना न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यात २ व्होल्ट. बल्ब लावला की ३८. एवढ्यावर टेस्टर पेटत नाही, ओल्या हाताला मात्र कळतं. शिवाय मी टेस्टर लावला होता दुपारी, गोठ्यात अंधार नसताना. आई पहाटे बल्ब लावून दूध काढायची, तो तसाच ठेवून हात धुवायला जायची. गिझरचा त्यात काही दोषच नव्हता.

मग हे थंडीतच का? त्यासाठी अर्थिंगचा खड्डा उकरला. आमची काळी माती पावसात गच्च ओल धरते, तेव्हा वीज सहज जमिनीत मुरते. दिवाळीनंतर तीच माती सुकते, भेगाळते आणि पाइपापासून सुटते. आमचा पाइप तर इतका गंजलेला की नट फिरवताच तार हातात आली. ती तार आधीच पूर्ण सुटली असती तर बल्बचं बटण दाबल्यावर नळावर ३८ नाही, जवळजवळ सगळे २३० व्होल्ट आले असते. तो गंजका नट हातात घेऊन मी बराच वेळ खड्ड्याशी बसून होतो. आईने मला वर्षभरापूर्वी सांगितलं होतं.

अडीच मीटरचा नवा जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) पाइप पुरला, भोवती कोळसा आणि मिठाचे थर दिले, वर पाणी ओतायला नरसाळं ठेवलं. गोठ्याला नवं न्यूट्रल आलं, त्याच्या प्लॅस्टिकच्या नळीत आता उंदीर शिरत नाही. जाताना आप्पांनी गिझरचं कॉइलही काढून दाखवलं. बोअरच्या जड पाण्याने त्यावर बोटभर पांढरी खपली चढली होती. खपलीखाली कॉइल जास्त तापतं, त्याचं आवरण तडकतं आणि मग पाण्यातच वीज उतरते. ते बदललं. वीजबिलावरचा मंजूर भार एकच किलोवॅट निघाला, तो वाढवायचा अर्जही दिला.

आता दर महिन्याच्या एक तारखेला आई स्वतः टेस्टचं बटण दाबते आणि खटका पडला की मला फोन करते. खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणीही तीच घालते. नळाच्या झिणझिण्या गेल्या.

आमच्या गल्लीत असे गोठ्यातले बल्ब आणखी तीन निघाले. दोघांनी त्याच आठवड्यात दुरुस्त करून घेतले. तिसऱ्या घरी म्हातारी एकटीच असते, मुलगा सुरतला. त्याच्याशी फोनवर बोलणं झालंय, रविवारी आप्पांना घेऊन जातोय.